अर्धी गोळी, अर्धा नवस

सोमवार, ७ जानेवारी १९७४
पूजा झाली. दूध, रॉकेल, ज्वारीचा हिशोब लिहून काढला. रेशनला साखर नाही. हे पहिल्या पाळीला, सायकलला डबा लावून अक्कलकोट रोडच्या माग-कारखान्यात गेले. संध्याकाळची गोळी घेतली. घाबरं झालं नाही.
शेजारी नरसम्माचे माग दिवसभर चालू. लोकांना त्या खडखडाटाचा त्रास होतो. मला बरा वाटतो. छातीतलं धडधडणं त्यात ऐकू येत नाही.

१० जाने., गुरुवार
पोटातलं पाचव्या महिन्यात गेलं, त्याला या संक्रांतीला दोन वर्षं. मग जीव घाबरा व्हायला लागला, त्यावर ही गोळी. गोळीआधीचे दिवस आठवले तरी नको वाटतं, बाजाराच्या तोंडाशी गेलं की श्वास अडकायचा, पिशवी तशीच घेऊन परत यायचे.
जेवताना हे म्हणाले, "आता पुन्हा बघायचं का?" ताटाकडे बघूनच म्हणाले. मी म्हटलं, बघू की.
मला हवंच आहे. पण पोटात रोज गोळी जाते आणि त्याच पोटात... डॉ. बाईंना विचारायला पाहिजे. त्यांच्याकडे बाकावर सगळ्या पोटुशा बसलेल्या असतात. त्यांच्यात बसवत नाही.

१४ जाने., सोमवार. संक्रांत
सिद्धरामेश्वराला जाऊन आलो. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला सगळं शहर लोटलं होतं. ह्यांच्या शर्टाची बाही धरून कडेने चालले. तळ्याच्या पायरीवर नवस बोलले. आजपासून गोळी सोडते, एक मूल दे. मनातच बोलले. ह्यांना सांगितलं नाही.
उरलेल्या गोळ्या टाकवेनात, पैसे पडलेत. मोहरीच्या डब्यात ठेवल्या.

१७ जाने., गुरुवार
झोप नाही. बशीत कप वाजतो. भाकरी थापताना कड फाटते. हे म्हणाले, "पीठ जुनं आहे का गं?" हो म्हटलं. पीठ परवाच दळून आणलंय.
देव बघतोय मी किती टिकते ते. टिकणार.

२० जाने., रविवार
मागांना सुट्टी. इतकं शांत की आपलं काळीज आपल्याच कानात. हे भजनाला. दार लोटून बसले होते. नरसम्माने डोकावलं. तिचं मराठी तोडकंमोडकं, "काय झाला अक्का? पोटात पोरगा हाय का?" म्हटलं, नाही गं. हसली, "होईल की." गेली. तिला चार पोरं.
ती गेल्यावर वाटलं, बस म्हणायला हवं होतं.

२३ जाने., बुधवार
सासूबाई गावाहून आल्या. तूर, हुलगे, वाळकं. पाय धुवायच्या आधीच, "लई वाळलीस की. काय हाय का न्हाय?" न्हाय म्हटलं. "मग त्वांड का असं?" हुलगे निवडायला घेतले.

२४ जाने., गुरुवार
आज पूजेत लिंग हातातून सुटलं.
डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेतलं, विभूती लावली, बेल वाहिला. डोळे मिटले आणि हात थरथरायला लागला. थांबवायला गेले तर जास्तच. घरंगळून मांडीवर पडलं. जमिनीला लागलं नाही. पण सुटलं. दीक्षा झाल्यापासून असं कधी झालं नाही.
सासूबाई समोरच होत्या. वाटलं आता बोलतील. त्यांनी माझा हात धरला. "कवापास्नं?"
सगळं सांगितलं. नवसाचं पण.
"नवस बोललीस, बरं केलीस. डाक्टरीनबाईला इचारलीस?"
न्हाय.
"यव्वा, देवाला घाई न्हाय. तुलाच हाय."

२५ जाने., शुक्रवार
सासूबाईंबरोबर डॉ. बाईंकडे. बाई रागावल्या. ही गोळी एकदम सोडायची नसते म्हणे, झटके सुद्धा येतात. आता अर्धी, मग पाव, मग बंद. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. "आणि राहिल्यासारखं वाटलं तर आपल्या मनानं काही करू नका. आधी माझ्याकडं या."
धीर करून विचारलं, मागचं गोळीनं गेलं का?
"अहो, तेव्हा गोळी होती कुठं?"
मला माहीत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. बाहेर येऊन रडले. सासूबाई म्हणाल्या, चल, बस चुकंल.
ह्यांना रात्री जेवताना सांगितलं. म्हणाले, "चालता माग असा दणकन थांबवला तर सुताची तार तुटणारच. मला तरी सांगायचंस." नंतर पाठ करून झोपले. रागावले की वाईट वाटलं, कळत नाही. विचारवत नाही.

२६ जाने., शनिवार
गोळी विळीवर कापली. निम्मी नीट, निम्मीचा चुरा. चुरा बोटाने टिपून घेतला. देवासमोर उभी राहून घेतली, लपवून नाही. नवस मोडला का? अर्धा मोडला म्हणायचं का? असं अर्धं देवाकडे चालतं का...
सकाळी पूजेला सासूबाई शेजारी येऊन बसल्या. माझ्या हाताखाली आपला हात धरला. लिंग हललं नाही.

३ फेब्रु., रविवार
सासूबाई गेल्या. ज्वारी काढणीला आली आहे. रोज पूजेला त्यांचा हात असायचा. बसस्टँडवर म्हणाल्या, "आता तुजाच उजवा धर की खाली." बस गेल्यावर बराच वेळ तिथंच उभी होते. घरी येऊन कुणाशी बोलायचं?
घाबरं झालं नाही.

१० फेब्रु., रविवार
उजवा हात खाली धरून पूजा. जमते. घरात मी आणि घड्याळ. हे आले, जेवले, झोपले. आज पेरू आणलेत, न सांगता.

१८ फेब्रु., सोमवार
बाईंनी पाव केली. कापायला फार त्रास. बाजारात एकटी गेले. मध्येच श्वास अडकला, एका दुकानाच्या पायरीवर बसले, पुन्हा उठले. मेथी, वांगी आणली. परत फिरले नाही, हे लिहून ठेवते.

२५ फेब्रु., सोमवार
दिवस राहू द्यायचे नाहीत, हे बाईंचं सांगणं परवा रात्री पाळलं गेलं नाही. सकाळी ह्यांनी डबा घेताना एकदा माझ्याकडे बघितलं.

१० मार्च, रविवार
पाळी चुकली आहे. हे खळ्यासाठी गावी, उद्या संध्याकाळी येतील. बाईंचा दवाखाना रविवारी बंद. सकाळी बघून आले तरी, कुलूप.
माग बंद. सगळं शांत.
पाव गोळी कापून ताटलीत ठेवली. घेतली तर पोटातल्याला काही होईल का. न घेतली तर माझे हात, आणि मग ते दिवस, आणि त्याचं त्याला काही... बाई म्हणाल्या आपल्या मनानं काही करू नका. घेणं पण मनानंच, न घेणं पण मनानंच.
सिद्धरामा, शब्द मी अर्धा पाळला. तू पूर्ण दिलंस का? की अजून काहीच नाही, नुसती तारीख पुढे गेली?
सकाळी पूजेला उजवा हात खाली धरायचं विसरले. लिंग जागचं हललं नाही. आता लक्षात आलं.
दिवेलागणीला दारात उभी राहिले, नरसम्माला हाक मारली. आली. काय सांगायचं सुचेना. म्हटलं, जरा बस की. बसली. आता माझ्या सुपातली तूर निवडते आहे आणि मी हे लिहिते आहे. मघाशी तिने विचारलं, "ताटलीत काय हाय, अक्का?"
म्हटलं, सांगते. बस.