कुलूपबंद घरांची मोजणी

आईस,
तुझ्या हट्टी लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. गुडघा कसा आहे तुझा?

जनगणनेच्या आकड्यांवरून मी वस्त्यांचे अहवाल लिहिते, ठाऊकच आहे तुला. कारखान्यामागच्या वस्तीत अर्धी घरं रिकामी दाखवलीत, म्हणून तिथला दवाखाना बंद करणार आहेत. पण त्याच घरांचे पाण्याचे मीटर फिरतायत. रिकाम्या घरात पाणी काय भुतं पितात?

मी पहाटेच जाऊन दारं वाजवली. सगळी नांदती घरं. मोजणारे भरदुपारी गेले होते, तेव्हा माणसं कामावर आणि दाराला कुलूप.

साहेब म्हणाले, "आकडा छापून झालाय, मुकाट सही करा."

मी केली नाही. नोकरीचं व्हायचं ते होवो. बाबांना इतक्यात सांगू नकोस.

आपल्याही दाराला दिवसभर कुलूप असायचं, आई. म्हणून काय आपण नव्हतो?

तुझी,
धाकटी