शेवटच्या पानावरची नावं

अलीगंज, लखनौ
२२ नोव्हेंबर

प्रिय उल्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फाडशील, असं श्रीरंगला वाटतं. मला नाही वाटत. समोशाच्या कागदावरची अर्धी बातमी वाचून उरलेली अर्धी कुठाय म्हणून दुकानदाराशी भांडलेली बाई तू, आख्खं पत्र हातात आल्यावर कसली सोडतेस! फोन तू उचलत नाहीस, ग्रुप सोडलास, म्हणून पोस्टाने पाठवतेय. एकाच शहरात राहून पत्र लिहायची वेळ आली. पण अलीगंजहून तुमची ती नवी वसाहत, वृंदावन योजना, म्हणजे तसं परगावच.

आधी आपल्या पुस्तक मंडळाचं सांगते. दुसऱ्या शनिवारी चार वाजता बैठक अजून भरते. मधुकर काकांनी याही वेळी मधुमेहावरचंच पुस्तक आणलं, चौथं, आणि त्याची तारीफ करता करता तीन गुलाबजाम खाल्ले. तुझा नियम आम्ही मोडलेला नाही. पुस्तक सगळ्यांना सुचवायचं नाही, एकाच माणसाच्या हातात द्यायचं, ‘हे तुझ्यासाठी’ म्हणायचं आणि का ते सांगायचं. वाचून झालं की शेवटच्या पानावर नाव-तारीख घालून परत. मला या नियमाची भारी हौस होती. कुणाला काय वाचायची गरज आहे हे त्या माणसाच्या आधी मला कळतं, असा माझा ठाम समज. तीस वर्षं शाळेत शिकवलं की ही खोड लागतेच.

गेल्या डिसेंबरात ती कादंबरी मीच तुला दिली होती. नवऱ्याचं ताट झाकून ठेवून, किल्ली शेजारी देऊन दुपारच्या गाडीने निघून जाणाऱ्या बाईची. तू सगळ्या जगातल्या बायकांची कड घेतेस म्हणून तुला, असं मी म्हटलं आणि सगळे हसले. जानेवारीत तू बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या वसाहतीतून ती परत द्यायला आलीस तेव्हा मी बाहेर गेले होते. घरी मैत्रेयी होती, दाताच्या रूट कॅनालसाठी कानपूरहून आठ दिवस माहेरी आलेली. ती परत गेल्यावर टीव्हीच्या कपाटावरून मी पुस्तक उचललं आणि चाळायला घेतलं. आत पेन्सिलीच्या रेघा. बारीक, पण पानापानावर. ‘तो मारत नाही, मग तक्रार कसली करायची’ या वाक्याखाली दोनदा. एका ठिकाणी समासात ‘बिल्कुल यही’ असंसुद्धा. शेवटच्या पानावर शेवटचं नाव तुझं. आणि आपण सगळेच इथे राहून अर्धं हिंदी बोलतो, तेव्हा त्याचंही मला काही वाटलं नाही. मी चष्मा पुसला आणि ठरवून टाकलं की उल्काच्या घरात काहीतरी बिनसलंय.

तुला विचारायचं सोडून मी काय केलं ते तुला माहीतच आहे. तिळगुळाच्या दिवशी सत्यजित भावजी तुला न्यायला आले, तेव्हा गेटाशी गाठून त्यांना म्हटलं, जरा उल्काकडे लक्ष द्या, ती मनातून सुखी दिसत नाही. पुस्तकही दाखवलं. हवाई दलात इतकी वर्षं काढलेला माणूस, पण त्यांचा चेहरा असा उतरला की मला तिथेच कळायला हवं होतं. कळलं नाही. उलट आपण मैत्री निभावली म्हणून त्या दिवशी मी खुशीत होते. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. पेन्सिलीच्या रेघा बघून माझा संसार वाचायला निघालीस होय, एवढंच म्हणालीस आणि ठेवून दिलास. मार्चमध्ये भावजी निवृत्त झाले, तुम्ही घर हलवलंत, आणि मला पत्तासुद्धा तिसऱ्याकडून कळला.

मी रागातच होते, खोटं कशाला सांगू. भल्याला गेले आणि वाईट झाले, असं सगळ्यांना सांगत फिरले.

आता घरचं. मैत्रेयी भाऊबीजेला आली ती दोन सुटकेसा घेऊन. आदेशकडे परत जाणार नाही म्हणते. जावई माझा किती शांत, असं मी मंडळात मिरवायचे, आठवतंय ना? तो शांतपणा असा, की मनाविरुद्ध काही झालं की दीड-दीड महिना तिच्याशी अक्षर बोलायचं नाही. ती समोर बसलेली असताना पाणी हवं असलं तर मोलकरणीला सांगायचं. चार वर्षं. आणि मी काय केलं असेल? तीन आठवडे रोज सकाळी चहाबरोबर समजावलं. पुरुष अबोल असतात, तू आधी बोल, थोडं सोड. ती ऐकून घ्यायची आणि उठून जायची.

गेल्या मंगळवारी कपाट आवरताना ती कादंबरी हाताला लागली. चिडूनच मी म्हटलं, या पुस्तकापायी माझी उल्का गेली. मैत्रेयी दारात उभी होती. म्हणाली, मम्मी, वो पेन्सिल मेरी थी.

अगं, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! ही पोरगी लहानपणापासून मराठीला हिंदीत उत्तर देणारी, पुस्तक पुढे केलं की ‘ये आप लोगों की चीज़ है’ म्हणणारी. तिला मराठी वाचता येत असेल हेच मी धरलं नव्हतं. तिने मग सगळं सांगितलं. त्या दुपारी दार उघडल्यावर तू नुसतं ‘कशी आहेस’ विचारलंस आणि ती रडायला लागली. तू तासभर बसलीस, आणि निघताना माझंच पुस्तक तिच्या हातात देऊन म्हणालीस, हे तुझ्यासाठी. तिने तुझ्याकडून वचन घेतलं की मम्मीला सांगायचं नाही, कारण मम्मी मलाच समजावेल. उल्का, हे वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं आहे.

आणि तू वचन पाळलंस. रेघा माझ्या नाहीत, असं तू मला म्हणाली नाहीस, भावजींनाही नाही. माझं काय कमी पडलं म्हणून ते महिनाभर विचारत राहिले, तेही मैत्रेयीला तू नंतर, खूप उशिरा सांगितलंस. माझ्या लेकीची झाकली मूठ तू स्वतःच्या घरात वादळ घेऊन सांभाळलीस, आणि मी गावभर तुझ्या नावाने नाक मुरडत होते. मला लाज वाटते.

ती कादंबरी मी परवा पुन्हा वाचली, फक्त रेघा मारलेली वाक्यं. शेवटच्या पानावर तुझ्या नावाखाली मैत्रेयीने आता आपलं नाव घातलंय, जानेवारीची तारीख टाकून. त्याखाली मी माझं घातलं. पुस्तक माझंच, आधी दोनदा वाचलेलं, तरी तारीख परवाचीच टाकली.

पुढच्या रविवारी, तीस तारखेला, आदेश आणि नाशिकहून त्याचे आईवडील अकरा वाजता आमच्याकडे येतायत, तिला घेऊन जायला. मीच बोलावलं होतं त्यांना, गेल्या आठवड्यात, मंगळवारच्या आधी. आता ती जाणार नाही हे मी स्वतः सांगणार आहे. पण मैत्रेयी म्हणते, तुम्ही ऐन वेळी विरघळाल, मौसी पाहिजे. तूच फोन कर म्हटलं तर म्हणाली, मौसी को आप बुलाइए, उनसे ये घर आपने छुड़वाया है. म्हणून हे पत्र. माफी मी तुझ्यासमोर मागेन, भावजींचीही, तू हवं तेवढं रागावून घे, आमच्याकडे येऊन माझ्याशी एक शब्द बोलू नकोस हवं तर. पण ये. तिच्या एका बाजूला मी बसणार आहे, आणि दुसरी खुर्ची तू दारात दिसेपर्यंत मी तिच्या बापाला, श्रीरंगलासुद्धा देणार नाही.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
हेमा