गाळलेली ओळ

प्रिय शहाणे,

तुझा फोन बंद आहे, हे मला ठाऊक आहे. तरी रोज लावतो. ती रेकॉर्डमधली बाई रोज तेच सांगते, मी रोज तिच्यावर चिडतो, आणि आई म्हणते, अरे, ती टेप आहे, तिच्याशी काय भांडतोस? म्हणून आता कागद. तू घरच्यांसकट जिच्याकडे निघून गेलीस त्या मावशीचा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून काढला. ती आधी नाहीच म्हणाली. मग मी तिच्या दारात असा काही ठाण मांडून उभा राहिलो की तिचे वडीलच आतून ओरडले, देऊन टाक गं एकदाचा, माझं जेवण गार होतंय. तिच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागवायचं तर आधी शेवटपर्यंत वाच. आणि हो, या पत्राचे पहिले काही कागद मी फाडले, कारण त्यांत सगळीकडे ‘तुझा बाप’ असं लिहिलं जात होतं. आता ‘तुझे बाबा’ लिहितोय. हाताला वळण लागायला वेळ लागला.

आपण दोघं त्या दिवसाबद्दल कधी धड बोललोच नाही. तू माझ्याकडे बघायचं टाळायचीस, मी कारण नसताना पानटपरीवाल्याशी भांडायचो. म्हणून एकदा सगळं सरळ लिहितो. आई दुरुस्त केलेलं शिलाई मशीन घरी आणत होती, म्हणजे त्याचा नुसता वरचा लोखंडी भाग, पिशवीत. बसमध्ये तिनं पिशवी वाटेत ठेवली. तुझे बाबा स्टिअरिंगवरून ओरडले, उचल ते. ती म्हणाली, जड आहे, पुढचाच थांबा माझा. तेव्हा बाबांनी बस थांबवली, उठून मागे आले, पिशवी उचलली आणि दारातून फुटपाथवर भिरकावली. पिशवीचा बंद आईच्या मनगटाला गुंडाळलेला होता. पिशवीपाठोपाठ तीही पायऱ्यांवरून गेली ती थेट गुडघ्यांवर. बाबा म्हणाले, “पड तिथंच, म्हातारे.” दार लावलं आणि बस नेली. मागच्या सीटवरच्या कुणीतरी ते सगळं फोनवर घेतलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या शहरानं पाहिलं होतं आणि तुझा फोन आला होता, ते माझे बाबा आहेत रे. मी त्यावर काय बोललो ते मला आठवत नाही, म्हणजे चांगलं काही बोललो नसणार.

कॉलेजचं तुला कळलंच असेल, मीठमसाला लावून. खरी गोष्ट एवढीच की वर्गातल्या एका दिवट्यानं त्या व्हिडिओला गाणं जोडलं होतं, आई पडते तिथं बरोबर ठेका येईल असं. तो बाकांमध्ये उभा राहून सगळ्यांना दाखवत होता. मी त्याला धुतला. प्राचार्य म्हणाले, माफीनामा लिहून दे, विषय संपवू. मी म्हणालो, आधी त्याच्याकडून घ्या. झालं. बाहेर पडलो तो परत गेलो नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, काडेपेटी, परीक्षेला महिनाच राहिला होता की! माहीत आहे. पण मागं जाऊन परत तोच दिवस आला तरी मी तेच करीन, फक्त जरा कमी जोरात.

आता आईच्या दुकानात असतो. तिनं मला मशीनला हात लावू दिला नाही, उसवायला बसवलंय. लोक जाड होतात, बारीक होतात, त्यांचे कपडे उसवून परत शिवावे लागतात. शिवण धरून एकेक टाका ब्लेडनं सोडवायचा, कापड न कापता. पहिल्या आठवड्यात मी एका वकिलाच्या कोटाला ब्लेडनं अशी चीर पाडली की खिसा नको तिथं खिसा झाला. आई म्हणाली, याला आता झाकण लावून देऊ, फॅशन म्हणून. वकिलाला आवडला तो कोट. तू हसलीस का वाचून? हसली असशील तर बरं.

पण मला सांगायचंय ते चर्चमधलं. आईचा आवाज तुला माहीत नाही. गाणं, प्रार्थना, सगळं ती अशा खड्या आवाजात म्हणते की मागच्या रांगेतल्यांना पुस्तक उघडावं लागत नाही. लहानपणी मला लाज वाटायची. त्या घटनेनंतरच्या रविवारी प्रभूची प्रार्थना चालू होती आणि मध्येच माझ्या शेजारी भोक पडलं. आईचा आवाजच नाही. मग पुढच्या ओळीला परत आला. मला वाटलं ठसका लागला. पुढच्या रविवारी तेच, तिथंच. आपण देवाला सांगतो ना की आम्ही आमच्या अपराध्यांना जसं माफ केलंय तसं तू आम्हाला माफ कर, ती ओळ ती गाळत होती. बाकी सगळी प्रार्थना मोठ्यानं, आणि त्या ओळीला ओठ बंद. तिचा आवाज असा की तो नसला तर सगळ्या मंडळीला कळतं. लोक माना वळवून बघायला लागले.

मी तिला म्हणालो, आई, म्हणून टाक ना. सगळेच म्हणतात. कोण तपासतंय? ती म्हणाली, ज्याला सांगते तो तपासतो. मी मग तुझ्या बाबांची वकिली सुरू केली. दोन पाळ्या लागोपाठ केल्या असतील, डोकं दुखत असेल, व्हिडिओच्या आधी कुणी तरी काही तरी बोललं असेल. आई म्हणाली, व्हिडिओ खरा आहे. त्यात काही जोडलेलं नाही, काही कापलेलं नाही. दमला होता म्हणतोस, तर मीही दमलेच होते, मी कुणाला फेकलं? आणि मग, चष्म्यावरून माझ्याकडे बघत, तुझ्या लग्नासाठी मी देवाशी खोटं बोलू होय रे? मी म्हणालो, लग्नाचं कोण बोललं? ती म्हणाली, तुझे कान. लाल झालेत बघ.

मग एक दिवस आमच्या चर्चचे पाळकसाहेब दुकानात आले. मला वाटलं, आता समजावणार. ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, मी काही विचारायला आलो नाही, झग्याची बाही लांब झालीय तेवढी आखूड करून द्या. आई तोंडात टाचण्या धरून बाही दुमडत होती, तशीच टाचण्यांमधून बोलली. म्हणाली, साहेब, माफ केलं असं म्हणायला मला काही लागत नाही, पण एकदा म्हटलं की त्या माणसाचं भलं मागावं लागतं. ते मागायला गेले की गुडघे ठणकतात. पाळकसाहेब म्हणाले, मग ठणकणं थांबेपर्यंत गाळा ती ओळ, बाई. ती म्हणाली, आणि नाही थांबलं तर? त्यावर ते बाहीची लांबी बघायला लागले. बाही मात्र सुंदर झाली.

आता ते, जे तू मला सांगितलं नाहीस.

दुपारची वेळ होती. एक बाई स्कर्टची चेन बदलून घ्यायला बसली होती. ती मोठ्या आनंदानं आईसमोर फोन धरून म्हणाली, बघा ताई, पोरांनी तुमचा बदला घेतला! औषधाच्या दुकानाबाहेरचा रस्ता. चार-पाच पोरं, माझ्याच वयाची. मधे तुझे बाबा. पोरं म्हणत होती, गुडघ्यांवर बस, आजीची माफी माग. ते बसले. माफी मागितली. मग, ऐकू नाही आलं, परत. परत मागितली. मग, कॅमेऱ्यात बघून. बाबांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखूच येईना, बसमधला तो माणूस कुठं आणि हा कुठं. आणि मग एका बाजूनं तू आलीस, औषधाचा पुडा हातात. कुणीतरी म्हणालं, ए, तू हो बाजूला. मी मनात म्हटलं, आता ही एकेकाच्या कानाखाली वाजवणार. तू पोरांमधून सरळ आत आलीस. बाबांच्या शेजारी रस्त्यावर गुडघे टेकलेस आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवलास. पोरांना पुढं काय करावं कळेना. एक जण हसायला गेला आणि मधेच थांबला. तिथं तो व्हिडिओ संपतो.

आईनं विचारलं, ही पोरगी कोण? मी म्हणालो, तीच.

आई त्या बाईला म्हणाली, माझा बदला? मला विचारलं होतं कुणी? माझ्या नावानं माणसाला रस्त्यावर गुडघे टेकायला लावलं, आणि मी इथं चेन शिवत बसलेय! माझं भांडण होतं ते, माझ्या हातातून काढून नेलं यांनी. शिवाय आजी कुणाला म्हणतात हे? माझ्या पोराचं अजून लग्न व्हायचंय! ती बाई अर्धी चेन तशीच घेऊन गेली. आईनं भरदुपारी दुकान बंद केलं. घरी येऊन साडी वर करून गुडघ्यावरची खपली बघत बसली, किती तरी वेळ.

त्या रविवारी ती ओळ आली आणि आई थांबली. मंडळी पुढं गेली. मला वाटलं, याही वेळी नाही. आणि मग सगळे पुढची ओळ म्हणत असताना आईनं मागची ओळ म्हटली. एकटीनं, सावकाश, त्या तिच्या आवाजात. पाळकसाहेब थांबले, पेटी वाजवणारा थांबला, सगळी मंडळी थांबली. तिची ओळ पूर्ण झाल्यावर सगळ्यांनी तिला बरोबर घेतलं आणि पुढं गेले. आणि तुला खरं सांगतो, त्या दिवशी ती ओळ माझ्या तोंडून आली नाही. आईनं म्हणावी म्हणून तिच्या मागं लागलेला मी, स्वतः मात्र इतकी वर्षं ती नुसती पोपटासारखी म्हणत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा अर्थ कळला. तुझ्या बाबांना आईनं माफ करावं, म्हणजे मला तू मिळशील, असा माझा सगळा हिशेब होता. मी कुठं केलं होतं माफ?

पुढचं ऐक. एक माइकवाला तरुण दुकानात आला. त्याचं म्हणे चॅनेल आहे. आईला म्हणाला, आजी, त्या नराधमाबद्दल काय वाटतं? आई म्हणाली, त्याचं नाव ते नाही. त्यानं माझं मशीन फेकलं, मला पाडलं, वर म्हातारे म्हणाला. ते वाईट होतं, आजही वाईटच आहे. मी त्याला माफ केलंय. आता सगळ्यांनी आपापल्या घरी जा, तूही जा. त्यानं विचारलं, जरा रडून सांगाल का परत? मी कात्री घेऊन उठलो होतो, आईनं शर्टाला धरून खाली बसवलं.

आणि आता लोक आईच्या मागं लागलेत. कालपर्यंत जे तिच्यासाठी रडत होते तेच विचारतायत, किती मिळाले? असल्या बायकांमुळेच हे लोक माजतात म्हणे. एका शाळेनं गणवेशाचं काम काढून घेतलं. मी एकेकाला उत्तर लिहायला बसलो, तर आईनं फोन घेऊन पिठाच्या डब्यात ठेवला. म्हणाली, यांनाही माफ करायचंय, पण एकेक करून घेऊ, आधीचं गिऱ्हाईक संपू दे. अशी आहे माझी आई. तुला तिच्या तोंडाकडे कसं बघू असा प्रश्न पडला होता ना? ती तर तुझ्याकडे बघायला बसलीय.

आता हे पत्र का लिहिलं ते. बस कंपनीनं बाबांना निलंबित करून चौकशी लावलीय, त्यात आईला जबाब द्यायला बोलावलंय, येत्या गुरुवारी सकाळी अकराला. तिथल्या कारकुनानं सांगितलं, ड्रायव्हरनं एकाही नोटिशीला उत्तर दिलेलं नाही, या वेळीही आला नाही तर नोकरी कायमची गेली. आई तिथं सगळं सांगणार आहे, एक शब्द कमी करणार नाही, ‘म्हातारे’सुद्धा. आणि मग सांगणार आहे, या माणसाला कामावर परत घ्या. ते ऐकतीलच असं नाही. बस देणार नाहीत, डेपोत दुसरं काही देतील, किंवा काहीच देणार नाहीत. पण ती म्हणते, मी हे रिकाम्या खोलीला सांगणार नाही, तो समोर हवा, त्यालाही मला काही सांगायचं असेल. तेव्हा बाबांना घेऊन ये. ते नाहीच म्हणाले, किंवा मंगळवारपर्यंत तुझा फोन आला नाही, तर बुधवारी सकाळच्या बसनं आई तुझ्या मावशीच्या दारात असेल. पत्ता मी तिला देऊन ठेवलाय, आणि ती निघाली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मी बाबांशी हात मिळवीन. जरा जास्तच दाबला गेला तर त्यांना सांग, पोरगा नवीन आहे, शिकतोय. आपल्या लग्नाचं मी त्या दिवशी काढणार नाही, आईनं तसं कबूल करून घेतलंय. शुक्रवारी काढीन. बाबांना एवढंच सांग की तिथं कुणी त्यांना गुडघ्यांवर बसवणार नाही. मी दहालाच जाऊन शेजारी शेजारी दोन खुर्च्या धरून ठेवतो, एक आईची आणि एक त्यांची. तू नि मी मागं उभे राहू.

तुझाच, तू कितीही फोन बंद ठेवलास तरी,
काडेपेटी