वाघरीची फट

खुटबाव, शनिवार, जानेवारी २००४

चिडचिड अजून गेलेली नाही, आणि आता ती कुणावर काढायची तेच कळत नाही.

काल सातवीला फळ्यावर चौकोनाच्या आज्ञा लिहून दिल्या होत्या: कासवा, पुढे जा, उजवीकडे वळ, पुन्हा पुढे. संगणकाच्या पडद्यावरचं कासव तसंच चालतं आणि मागे रेघ सोडत जातं. आज फळा कोरा ठेवला. म्हटलं, मेंढरं कोंडायला जाळ्याची वाघर लावतात ना, तशी चौकोनी काढा. बहुतेक पोरं धनगरांची, सोपं जाईल.

तर जिकडे बघावं तिकडे तीच चूक! शेवटची बाजू अपुरी, कोपऱ्यात फट. सगळ्यांचीच फट, आणि तीही शेवटच्याच बाजूला? एकाने केलं आणि बाकीच्यांनी उतरवलं, दुसरं काय! एकट्या संदीपचा चौकोन नीट बंद होता. त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि बाकीच्यांना उभं केलं.

"कुणाचं बघून केलंत?"

सखू म्हणाली, "कुणाचं न्हाई, बाई. पर समदी बंद केली तर मेंढरं आत कुठनं घालायची?"

फट कसली, दारच होतं ते. बसा म्हणाले, हसलेसुद्धा. पण घरी येऊन चहा टाकला आणि दुसरंच टोचायला लागलं. संदीपच्या घरीही मेंढरं आहेत. मग त्याच्या वाघरीला दार कसं नाही?

काल मी फळ्यावर लिहून दिलेल्या चौकोनालाही नव्हतं.