चौथ्या अध्यायात मी थांबायचे तिथे

बाबा, तुम्ही गेलात त्याला चाळीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. लिहिते आहे माझी नात. मी नुसती तोंड चालवते. भावांना तुम्ही अक्षरं शिकवलीत आणि मला भाकरी थापता थापता बायबलातल्या उत्पत्तीचे पहिले अध्याय तोंडी दिलेत. म्हणालात, पोरीला कान पुरेत. पुरले हो. पुढे इथे नाशकात, ह्याच दोन खोल्यांत, रविवारी चर्चहून आल्यावर मटण शिजेपर्यंत मी माझ्या दोन्ही मुलांना तेच सांगत असे. सहा दिवसांत जग, मग बाग, मग साप. धाकटा विचारायचा, आदामाला बेंबी होती का. काईनानं धाकट्या भावाला, हाबेलाला मारलं तिथे आलो की थोरला म्हणायचा, "मी नाही बाबा ह्याला मारणार. माझी कारली कोण खाईल?"

मोठे झाले, आणि एका दुपारी मोटारसायकल कोणी न्यायची यावरून अंगणात जुंपली. थोरल्यानं ढकललं. धाकट्याचं डोकं धुण्याच्या दगडावर आपटलं. मी आतून आले तर थोरला त्याला मांडीवर घेऊन बसलाय आणि "ऊठ ना रे" म्हणतोय. ही नात धाकट्याची, तेव्हा रांगत होती. थोरला तुरुंगात गेला. सुटल्यावर एक दिवस दारात येऊन उभा राहिला, हातात पिशवी, चपला आधीच काढलेल्या. धाकट्याची बायको, जिचा नवरा गेला ती, त्याला पाणी द्यायला उठली. मीच आडवी आले. म्हटलं, "काईनाला देवानं काय सांगितलं? भटकत राहा. जा." त्यानं चपला घातल्या. पिंपळगावला कांद्याच्या खळ्यावर कामाला लागला, असं नंतर कळलं.

आता नात बारा वर्षांची आहे. शाळेत पहिली येते, त्यामुळे मलाच शिकवते. गेल्या रविवारी चौथा अध्याय तिनं स्वतः वाचला आणि मी नेहमी थांबते तिथे ती थांबली नाही. शाप ऐकून काईन गयावया करतो, आता मला कोणीही मारून टाकील म्हणतो, आणि देव त्याच्यावर खूण करतो, कोणी त्याला हात लावू नये म्हणून. मी मेथी निवडत होते. ती म्हणाली, "आजी, हे तू कधीच सांगितलं नाहीस." मी म्हटलं, माझ्या बापानं मला तेवढंच सांगितलं, त्याला जाऊन विचार. तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "काकांना बोलवायचं का?"

दुसऱ्या दिवशी सुनेनं पिंपळगावला फोन लावला. खळेवाला म्हणाला, तो केव्हाच गेला, कुठल्याशा टेंपोबरोबर. कुठे, ते कोणाला ठाऊक नाही. एका जागी फार टिकायचाच नाही म्हणे. पोरगं माझं लहानपणापासून ऐकणारं.

संपलं पत्र. नात विचारतेय, पाकिटावर पत्ता काय घालू. काही घालू नको, ठेवून दे. पण एवढं लिही, आणि लिहिताना माझ्याकडे बघू नको. बाबा, तुम्ही पुढचं सांगितलं होतंत. चुलीतली राख बोटावर घेऊन माझ्या कपाळाला लावलीत आणि भावांना म्हणालात, आता हिला कोणी मारायचं नाही. दिवसभर कोणी मारलं नाही. तो दारात उभा होता तेव्हा मला हे आठवत होतं.