मुलाच्या शेजारची जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, आज पूर्ण शुद्धीवर आहे. गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. उलट, उद्या कोणी दडपण आणील म्हणून आजच लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. एकतीस वर्षे मी इस्पितळाच्या शवागारात मयतांना आंघोळ घालायचे काम केले. लोक मला न्हाणीमावशी म्हणतात.

१. राहते घर, दोन खोल्या व मागचा नळ, माझ्या मुलीला. जावईबापूंनी मधली भिंत पाडू नये. ती उगाच नाही, छत तिच्यावर आहे.

२. माझी दोन तपेली, पाणी घालायचा मग, कात्री, कंगवे आणि वही शवागारातल्या नव्या बाईला. कोणाच्यात पाणी किती वेळा घालतात, कोण आरसे झाकतात, कोण अंगावरचा कपडा फाडतात, कोणाच्यात मोठ्याने रडणे वाईट आणि कोणाच्यात न रडणे, सगळे वहीत आहे. तरी वहीवर विसंबू नये. आधी घरच्यांना विचारावे, "तुमच्यात कसं करतात?" एकाच धर्माच्या दोन घरांतही दोन तऱ्हा असतात.

३. धाकट्या दिरांना साबणाची नवी वडी. मी प्रेतांना हात लावते म्हणून त्यांनी माझ्या घरचे पाणी कधी घेतले नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मात्र "वहिनी, लवकर या, इथे कोणी पुढे होत नाही," म्हणून मलाच बोलावणे आले. गरज सरो, वैद्य मरो.

४. कपाटातला राखाडी कोट माझ्या सुनेचा आहे. तो मी देत नाही, परत करते.

मुलगा अपघातात गेला. सून दुसऱ्या धर्माची. तिच्यात मयताला चांगले कपडे घालतात, तोंड उघडे ठेवतात, एकेक जण येऊन निरोप घेतो. ती म्हणाली, "आई, मी त्यांचा लग्नातला कोट इस्त्री करून आणते. मग न्या." मी "बरं" म्हटले. ती गेल्यावर मी त्याला न्हाऊ घातले, आमच्या रीतीने पांढऱ्या कापडात गुंडाळले, तोंड झाकले आणि उचलायला सांगितले. आमच्यात उशीर करत नाहीत हे खरे, पण घाई धर्माची नव्हती, माझी होती. तिच्या माहेरचे आले की मुलगा माझा राहणार नाही, असे मला वाटले.

ती आली तेव्हा घरात फक्त ओली फरशी होती. कोट हँगरसकट धरून ती दारात उभी राहिली. "आई, एकदा तोंड तरी बघू द्यायचं होतं," एवढेच बोलली आणि कोट खिळ्याला अडकवून गेली. त्याला अकरा वर्षे झाली. परक्यांना मी रीत विचारत फिरले. घरातल्या एकीने न विचारता सांगितली, ती ऐकली नाही. मला त्याची लाज वाटते. हे सांगायला दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

५. मुलाच्या कबरीशेजारची जागा मी माझ्यासाठी राखली होती. ती सुनेला. दफनभूमीचे व्यवस्थापक म्हणाले, "मावशी, परधर्माचं माणूस इथे? असं आजवर झालं नाही." मी म्हटले, "तुमच्या घरची तीन माणसं मी धुतली, तेव्हा हे हात आधी कोणत्या धर्माच्या माणसाला लागले, ते विचारलंत?" संमतीपत्र सोबत जोडले आहे. ते मिळवायला चार महिने त्यांच्या कचेरीत बसले. सुनेने दुसरे लग्न केले तरी जागा तिचीच. तिला नको असेल तर रिकामी राहू द्यावी. मला भिंतीकडच्या रांगेत, मिळेल तिथे ठेवावे.

६. माझ्या आंघोळीसाठी सुनेला निरोप द्यावा, एकदाच. आली तर ती करील तसे होऊ द्यावे; मुलीने शेजारी उभे राहून शिकवू नये. माझे तोंड झाकायचे की उघडे ठेवायचे, हे सून ठरवील. आली नाही तर तिला बोल लावू नये. बेवारशी मयतांना शवागारात धुतात तसे मला धुवावे. नीट धुतात, मीच शिकवले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी
(सही) न्हाणीमावशी

साक्षीदार:
१. शवागाराचे डॉक्टर (सही)
२. दफनभूमीचे रखवालदार (अंगठा)