दोन घरं, एक प्रोफाइल

राजाजीनगर, सोमवार

प्रिय मकरंद,

पत्र बघून दचकू नकोस. तुला फोन करायचा नाही, अशी आईनं मला शपथ घातली आहे. पत्राबद्दल ती काही बोलली नाही.

आधी तुझं कौतुक. दिवाळीला तासभर आलास. त्यातली पन्नास मिनिटं स्टुलावर उभं राहून वायफायचे दोन पांढरे डबे छताला ठोकलेस, उरलेल्या दहांत चकली खाल्लीस. तुझ्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटचे डबे आणि आमचे डबे एकाच प्रोफाइलला बांधलेस. नाव एक, पासवर्ड एक, वेळा एक. तिकडे बोट लावलं की इकडेही बदलणार. आईला वाटलं, लेकानं दोन घरं जोडली. मला वाटलं, लेकानं येण्याची कटकट मिटवली. पासवर्ड एकच, त्यामुळे माझा फोन तुझ्या दारात पोचताच न विचारता आत शिरतो. मला मात्र वॉचमनच्या वहीत नाव लिहून वरून होकार येईपर्यंत खाली उभं राहावं लागतं.

मग तुझ्या लेकीची, शमिकाची, दहावी आली. तिनं मोबाइलला चिकटू नये म्हणून तू चार ते सात नेट बंद केलंस, आणि इकडे आईची भजनं बंद पडली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाईंना अभ्यासाला बसवलंस! मी तक्रार केली तर म्हणालास, "अक्का, स्वल्प ॲडजस्ट कर. एका घरासाठी वेगळं केलं की सगळी घडी विस्कटते." कोपऱ्यावरचा केबलवाला महांतेश हसला. "दुसरं प्रोफाइल करायचं अक्का, पाच मिनिटांचं काम." पाच मिनिटं! ती तू कुठून आणणार? ऑफिसात चारशे डबे सांभाळणारा मोठा माणूस तू.

आई तुझीच बाजू घेते. तू तिला ॲपमधली यादी दाखवली होतीस ना, दोन्ही घरांत कुठला फोन जोडलेला आहे ती? त्यात 'आई' असं नावही घातलं होतंस. तेव्हापासून तिची खात्री आहे की सकाळी उठून तू आधी तिचं नाव बघतोस. देवळात जाताना ती फोन घरी ठेवून जायची, नाव गेलं तर तुला घोर लागेल म्हणून.

गेल्या बुधवारी मात्र तिनं तो मुद्दाम बरोबर घेतला. छातीत कळ आली म्हणून तिला बनशंकरीच्या हॉस्पिटलात दाखल केलं आहे. रिक्षात मला म्हणाली, "त्याला कळवायचं नाही. नाव दिसलं नाही की येईलच." आज सहावा दिवस. तू रोज ग्रुपवर फुलं टाकतोस, ती खाटेवरून तुला नमस्कार धाडते आणि दाराकडे बघते. गुरुवारी सकाळी आठ वाजता हृदयाचं ऑपरेशन आहे. तिसरा मजला, खाट चौदा. त्याआधी ये. आणि या पत्राचं तिच्यापाशी बोलू नकोस. यादीत तुझं नाव दिसेना म्हणून धावत आलो, असं सांग. एवढं खोटं तुला जमेल.

नाइलाजानं का होईना, तुझीच,
नयनाअक्का